चिचटोल्याच्या तलावाचं माप

"पाणी कुठल्या राज्यात जास्त, भंते? आपल्या की शेजारच्या? सांगा बघू."

"आज?" भंतेंनी विचारलं.

प्रज्योत हसला. "आज म्हणजे... एकूणच हो."

"एकूणच म्हणजे कोणत्या महिन्यात?"

प्रज्योतने पिशवी खाली ठेवली. तो नागपूरहून साडेतीन तास गाडी चालवत आला होता, आणि आल्या आल्या कोड्यात पडायची त्याची तयारी नव्हती. त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि विहाराच्या ओट्यावर उघडून ठेवला.

हे विहार म्हणजे चिचटोल्याच्या तलावाच्या मातीच्या पाळीवर बांधलेल्या दोन खोल्या. वर पत्रा, समोर ओटा, ओट्याखाली तलाव. भंते शीलरत्न इथे एकटे राहत. चीवर घेण्याआधी ते सरकारी भूमापक होते. बावीस वर्षं त्यांनी लोखंडी साखळी ओढत लोकांची शेतं मोजली. मग एके दिवशी साखळी जमा केली, आणि परत आले नाहीत.

प्रज्योत साखरे त्यांचा विद्यार्थी. शाळेत असताना तीन उन्हाळे याच ओट्यावर बसून तो नकाशा वाचायला शिकला. आता नागपूरच्या एका नकाशे बनवणाऱ्या संस्थेत तो मोठ्या पदावर होता. हाताखाली नऊ माणसं होती.

"हे बघा," तो म्हणाला. "देशातलं प्रत्येक राज्य. जमीन किती, पाणी किती, शेकडा किती, क्रमांक कितवा. सगळी आकडेवारी सरकारी, सगळ्यांसाठी खुली. पण विखुरलेली होती. कोणी एकत्र केली नव्हती. मी केली."

भंते पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"छान दिसतंय," ते म्हणाले. "रांगोळीसारखं."

"शुक्रवारी छापायला जातंय, भंते. शाळांच्या वाचनालयांसाठी. सुरुवातीला तुमचे दोन शब्द हवेत. तेवढ्यासाठीच आलोय."

"हे सगळं एकट्याने केलंस?"

"... नाही. रेहाना कुरेशी म्हणून एक मॅडम होत्या आमच्याकडे. निम्मं काम त्यांचं."

"होत्या?"

प्रज्योतने लॅपटॉपची मान थोडी खाली केली.

"त्यांना प्रत्येक आकड्याखाली टीप हवी होती. हा आकडा कोणत्या साली घेतला, पावसाळ्यानंतर की उन्हाळ्यात, जमिनीवरून मोजला की उपग्रहावरून, खाडी धरली की सोडली. एका राज्याची मोजणी एका रीतीची, दुसऱ्याची दुसऱ्या रीतीची, म्हणून शेजारी शेजारी ठेवताना सांगायला हवं, असं त्यांचं म्हणणं. आता मला सांगा, मुलांचं पुस्तक आहे. आकड्यापेक्षा टीप मोठी झाली तर आकड्यावर विश्वास कोण ठेवणार? मी सगळ्या टिपा खोडल्या."

"मग?"

"मग बैठकीत वाद झाला. मी म्हणालो, तुम्हाला आकडे नकोत, शंका हव्यात. सगळे हसले... त्या दिवशी संध्याकाळी त्या निघून गेल्या."

भंते उठले. कोपऱ्यातल्या माठातून तांब्याभर पाणी आणून त्यांनी प्रज्योतपुढे ठेवलं.

"दोन शब्द लिहून देतो," ते म्हणाले. "पण आधी मला एक आकडा दे. फार मोठा नको. एवढा हा तलाव समोर आहे. तो किती?"

प्रज्योतने लगेच मोबाइल काढला. एका सरकारी यादीत चिचटोल्याचा तलाव एकेचाळीस हेक्टर होता. दुसऱ्या सरकारी नकाशात एकोणतीस.

"कुठला लिहू?" भंतेंनी विचारलं.

"दोन्ही ठेवा बाजूला. मीच मोजतो."

भंतेंचा चेहरा खुलला. ते आत गेले आणि बांबूच्या खुंट्यांची एक मोळी घेऊन आले.

---

तलावाला फेरी घालायला प्रज्योतला तीन तास लागले.

एका बाजूला पाळ होती, तिथे सोपं होतं. पण बाकी तिन्ही बाजूंनी पाणी इतकं सावकाश उथळ होत जाई की त्याची कड कुठे आहे तेच कळत नसे. प्रज्योत वाकून बघे, पाण्याचा शेवटचा ओठ शोधे, तिथे खुंटी ठोके आणि मोबाइलवर खूण करून पुढे जाई. दोनदा तो गुडघ्यापर्यंत रुतला. एक बूट चिखलाने ठेवून घेतला.

मधोमध शेवंताबाई नान्हे डोंग्यातून शिंगाडे तोडत होती. वेल उचलायचा, उलटा करायचा, शिंगाडे खुडायचे, वेल परत पाण्यावर सोडायचा. हा माणूस एका बुटाने तलावाभोवती काय करतोय ते ती तासभर बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"काय हरवलं जी भाऊ?"

"काही नाही. तलाव मोजतोय."

"कोणाले द्याचा आहे का?"

"द्यायचा नाही, बाई. नुसता मोजतोय."

शेवंताबाईने थोडा विचार केला. "मोजा मोजा," ती म्हणाली, आणि परत वेलांकडे वळली.

दिवस कलला तेव्हा प्रज्योत चिखलाने माखून ओट्यावर आला. चेहरा मात्र लखलखत होता.

"तेहतीस पूर्णांक सहा हेक्टर."

"पक्कं?"

"पक्कं. दोन्ही सरकारी आकडे चूक. लिहा."

"माझे डोळे आता दिवसाउजेडीच चालतात," भंते म्हणाले. "सकाळी लिहू."

---

सकाळी प्रज्योत तोंड धुवायला तलावावर गेला आणि तसाच ओरडत परत आला.

"कोणीतरी माझ्या खुंट्या उपटल्या! उपटून मागे रोवल्या!"

भंते झाडत होते. त्यांनी झाडू थांबवला नाही.

प्रज्योत परत खाली धावला. सगळ्या खुंट्या कोरड्या चिखलात उभ्या होत्या. पाणी कुठे दोन पावलं, कुठे चार पावलं आत.

शेवंताबाई डोंगा पाण्यात लोटत होती.

"बाई, या खुंट्या कोणी सरकवल्या?"

"खुंट्या नाही सरकल्या जी," ती म्हणाली. "पाणी सरकलं. काल सांजेले दार उघडलं ना पाटाचं. धान निसवून राह्यलं. आता पाणी नाही भेटलं तं दाणा नाही भरत."

प्रज्योतने कपाळावर हात मारला. मग त्याला एक गोष्ट आठवली. काल तिच्या शिंगाड्याच्या वेलांना त्याने पाण्याच्या हिशेबात धरलं होतं.

"बाई, तुमचा शिंगाडा पाण्यात म्हणायचा की जमिनीवर?"

"पान पाण्यावर. मूळ चिखलात." ती डोंग्यात चढली. "आन् मी दोन्हीच्या मधात. तुमीच सांगा जी. तुमी मोजनारे."

ती हसली. काठावरून प्रज्योतही हसला, पण त्याचं हसू लवकर संपलं. त्याने खुंट्या उपटल्या आणि परत फेरी घातली. बत्तीस पूर्णांक नऊ.

बुधवारी सकाळी पाणी अजून दोन पावलं आत गेलं होतं.

"लिहू का?" भंतेंनी ओट्यावरून विचारलं. त्यांनी लेखणी खरोखरच हातात घेतली होती.

"थांबा!" प्रज्योत म्हणाला.

---

पाटाचं दार कवडू सांभाळत असे. कवडू म्हणजे शेवंताबाईचा दीर. वय साठीचं, बोलणं कमी, चालणं भरभर. कुणाच्या बांधीला, धानाच्या वाफ्याला, कधी पाणी द्यायचं ते सगळे नंबर त्याच्या डोक्यात. चिचटोल्यात पाण्यावरून भांडण होत नसे त्याचं कारण कवडू.

प्रज्योत त्याच्याकडे गेला आणि आपण कोण, काय करतोय, पुस्तक कुठे कुठे जाणार, सगळं सांगितलं.

"मला तलाव फक्त एक दिवस स्थिर हवाय," तो म्हणाला. "सकाळी मोजला तरी तेवढाच, दुपारी मोजला तरी तेवढाच. दार तेवढं बंद ठेवता येईल का? आज संध्याकाळपासून उद्या दुपारपर्यंत?"

कवडूने आकाशाकडे पाहिलं. बोटांवर काहीतरी मोजलं.

"आज सांजेपासून उद्या दुपारवरी..." तो म्हणाला. "तुमी भंतेंचेच मानूस ना?"

"हो. त्यांचा विद्यार्थी."

"मंग ठीक आहे जी. ठेवतो."

इतकं सोपं होतं. प्रज्योत शीळ घालत परतला. भंतेंना त्याने काही सांगितलं नाही. आकडा हाती आल्यावरच सांगू, असं त्याने ठरवलं.

गुरुवारी सकाळी तो आदल्या संध्याकाळी नव्याने रोवलेल्या खुंट्यांपाशी गेला. पाणी त्यांना चिकटून उभं होतं. त्याने फेरी घातली. बत्तीस पूर्णांक चार. दुपारी पुन्हा फेरी घातली. बत्तीस पूर्णांक चार!

इतका आनंद त्याला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. पाळीवर तो अक्षरशः नाचला.

भंते नेहमीप्रमाणे बाराच्या आत जेवून ओट्यावर बसले होते.

"बत्तीस पूर्णांक चार," प्रज्योत म्हणाला. "दोनदा मोजलं. दोन्ही वेळा तेच. आता हलायचं नाही. लिहा, भंते."

भंतेंनी लेखणी उचलली नाही.

"चल," ते म्हणाले. "पाय मोकळे करू."

---

पाळीच्या तलावाकडच्या बाजूला प्रज्योत चार दिवस फिरत होता. दुसऱ्या बाजूला तो एकदाही उतरला नव्हता.

भंते पुढे, तो मागे. पाटाच्या कडेने ते चालत होते. पाटात पाणी नव्हतं. तळाचा चिखल वाळून वर कडा उचलू लागला होता.

पाटालगतच्या बांध्या भरलेल्या होत्या. धानाच्या बुडाशी पाणी चमकत होतं. सोमवारपासून तलावातून जे गेलं ते सगळं इथे उभं होतं. प्रज्योतने मनातल्या मनात बेरीज करायला सुरुवात केली, आणि मध्येच सोडून दिली.

पाट जिथे संपत होता तिथे शेवटची बांधी होती. लहानशी. तिच्यात पाणी नव्हतं. धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या, पण माती फाटायला लागली होती.

बांधीच्या कोपऱ्यात कवडू होता. शेजारच्या डबक्यातून तो टिनाच्या डब्याने पाणी आणत होता आणि एकेका बुंध्याला घालत होता. डबक्यात आता चिखलच जास्त उरला होता.

भंतेंना बघून त्याने डबा खाली ठेवला आणि हात जोडले.

"कोणाची ही बांधी?" प्रज्योतने विचारलं. विचारतानाच त्याचा आवाज खाली गेला होता.

"माहीच जी."

"हिचा नंबर...?"

"काल सांजेपासून आज दुपारवरी होता."

लांब पाळीवर एक टिटवी ओरडून गेली.

"तुम्ही बोलला का नाहीत?" प्रज्योत म्हणाला. "मी विचारलं तेव्हा... नाही म्हणायचं ना!"

"दुसऱ्याचा नंबर असता तं नाही म्हनलं असतं जी," कवडू म्हणाला. "माहाच होता. म्हनलं, भंतेंचा मानूस आहे, पुस्तक लिहून राह्यला, एवढं तं आपन करू शकतो."

तो हे रागाने बोलला नाही. खरं तर थोडा लाजूनच बोलला.

प्रज्योतने भंतेंकडे बघितलं. भंते धानाची एक लोंबी बोटांवर धरून बघत होते.

आणि प्रज्योत पळत सुटला.

पाटाच्या कडेने, काट्याकुट्यातून, पायातल्या उधारीच्या रबरी चपला हातात घेऊन तो पळत होता. चढ चढून तो पाळीवर आला. दाराचं लाकडी दांडकं त्याने आयुष्यात कधी हाती धरलं नव्हतं. एकदा ओढलं, हललं नाही. दुसऱ्यांदा दोन्ही पाय रोवून ओढलं. आत कुठेतरी गडगडलं, आणि पाणी सुटलं.

शेवंताबाई डोक्यावर शिंगाड्याची टोपली घेऊन पाळीवरून येत होती.

"बाई, आता नंबर कोणाचा?" त्याने धापा टाकत विचारलं.

"आता आमचा. काहून?"

"कवडूभाऊंना नाही मिळालं पाणी. माझ्यामुळे."

तिने वाकून पाटात पाहिलं, मग त्याच्याकडे. टोपली खाली ठेवली.

"मंग उभे काहून राह्यले? आमच्या बांधीचं तोंड बुजवा जाऊन. पाणी आमच्याकडे वळते ना आधी! आमी उद्या घेऊ."

तो परत पळाला, या वेळी पाण्याबरोबर. पाण्याला घाई नव्हती. पुढे जायचं, खड्ड्यात थांबायचं, खड्डा भरायचा, मग पुढचं बघायचं. शेवंताबाईच्या बांधीला जाणारं तोंड त्याने दोन्ही हातांनी माती ओढून बुजवलं. ते फुटलं. पुन्हा बुजवलं. मग शेवंताबाईच मागून आली आणि एका लाथेत मातीचं ढेकूळ नेमकं बसवलं.

शेवटच्या बांधीत पाणी शिरलं. कवडूने डबा उपडा केला आणि त्यावर बसला.

पाणी एका भेगेत उतरलं, भेग मिटली. दुसरीत उतरलं, तीही मिटली. धानाच्या रांगांमधून ते हळूहळू पसरत गेलं आणि पाऊण तासात सगळी बांधी आरशासारखी झाली.

प्रज्योतचा हात सवयीने मोबाइलकडे गेला. नकाशा उघडलाही. मग आपण आता हेही मोजायला निघालोय हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो स्वतःशीच खो खो हसायला लागला. का हसतोय ते कवडूला कळलं नाही, पण त्यालाही हसू आलं.

"जगेल ना हो?" प्रज्योतने विचारलं.

"जगन जी. एका दिवसानं काय होते? दोन दिवस असते तं..."



---

पाळीवर येऊन प्रज्योतने फोन लावला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली.

"बोला," रेहाना कुरेशी म्हणाल्या.

"मॅडम... त्या टिपा. तुमच्याकडे आहेत का अजून?"

"तुम्ही खोडलेल्या?"

"हो. त्याच."

"सगळ्या आहेत. का?"

"पाठवाल? एकही कमी न करता छापायच्या आहेत. उद्या छपाईला जाणार नाही पुस्तक. मी थांबवतोय."



"काय झालं, सर?"

"बरंच काही झालं. भेटल्यावर सांगतो. तुम्ही परत याल का?"

"त्या दिवशी सगळे हसले होते, सर."

"माहीत आहे. मीच हसवलं होतं. सोमवारी सगळ्यांना बसवतो आणि सगळ्यांसमोर माफी मागतो. तुम्ही आलात तर तुमच्या देखत. नाही आलात तरी मागतो."

पलीकडून एक बारीकसा श्वास, हसल्यासारखा.

"टिपा आज पाठवते," त्या म्हणाल्या. "आणि सोमवारी... तुम्ही आधी बोला. मी दारात उभी राहून ऐकते. मग आत यायचं की नाही ते बघू."

"चालेल," प्रज्योत म्हणाला. "दार उघडं ठेवतो."

---

निघायच्या आधी शेवंताबाईने त्याला उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी भरून दिली. कवडूने चिखलातून त्याचा बूट शोधून आणला होता. धुऊन, उन्हात वाळवून.

भंते ओट्यावर बसले होते.

"भंते, तुमचे दोन शब्द राहिले."

"ते त्या बाईंकडून घे. निम्मं काम त्यांचं आहे म्हणालास ना?"

प्रज्योतने मान हलवली. खाली वाकून तीनदा वंदन केलं. तरी तो उठला नाही. काहीतरी त्याच्या मनात अडकलं होतं.

"एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही रोज सकाळी भिक्षेला पाटाच्या कडेने जाता. आज पाट कोरडा होता. दार बंद आहे, ते मी बंद करायला लावलं, हे तुम्हाला सकाळीच कळलं असणार."

"कळलं होतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? दुपारपर्यंत का थांबलात?"

भंतेंनी पिशवीतला एक शिंगाडा उचलला. सोलला. अर्धा त्याच्या हातावर ठेवला, अर्धा त्याच्या दुसऱ्या हातावर.

"मलाही एक माप घ्यायचं होतं."

"कशाचं?"

"कवडूच्या बांधीपासून दारापर्यंत तुला पळायला किती वेळ लागतो... त्याचं."